झेंडा ठेवायचा असेल तर मागं माणसंही ठेवा: सुरक्षा परिषदेला खुलं पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे सर्व सदस्य, न्यूयॉर्क
प्रत माहितीसाठी आणि उत्तरासाठीही: परराष्ट्र मंत्रालय व संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

माननीय सदस्यहो,

ऑक्टोबर २०२५मध्ये आपल्या मुख्यालयातून सांगण्यात आलं की तिजोरीत पैसा नाही, म्हणून नऊ शांतिमोहिमांमधले सुमारे पाव सैनिक आणि पोलिस परत पाठवावे लागतील. सगळे मिळून पन्नास हजारांहून थोडे जास्त. त्यांतले तेरा-चौदा हजार जाणार. त्याच महिन्यात दिल्लीत शांतिसेनेला सैन्य देणाऱ्या देशांच्या लष्करप्रमुखांची परिषद भरली होती. तिचे फोटो आमच्याकडच्या पेपरांत आले. कपातीची बातमी मात्र मला शोधून वाचावी लागली.

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गाव सातारा जिल्ह्यात. काँगोच्या उत्तर किवू प्रांतात निळं हेल्मेट घालून नोकरी केली आहे. आमच्या भागात ‘यूएन करून आला’ असं म्हणतात. म्हणजे पोरगा सुखरूप आला, चार पैसे घेऊन आला, आता घरावर स्लॅब पडणार. माझ्याही घरावर तसाच स्लॅब पडला. ज्या लोकांच्या रक्षणासाठी ते पैसे मिळाले, त्यांच्या बाजूनं बोलायला दुसरं कुणी नसेल तर निदान ज्यानं भत्ता घेतला त्यानं तरी बोलावं, म्हणून हे पत्र. इंग्रजी प्रत आपल्याला टपालानं येईलच. मराठीत आधी अशासाठी लिहिलं, की निळी हेल्मेटं घालायला पोरं ज्या गावांतून जातात, त्या गावांना कळावं आपली पोरं कुठल्या भरवशावर पाठवली जातात ते.

आपण माणसं कमी केलीत, काम कमी केलं नाही, हा माझा मूळ आक्षेप.

ऑक्टोबर १९९९मध्ये सिएरा लिओनच्या मोहिमेसाठी आपण १२७० क्रमांकाचा ठराव केलात. डोळ्यांसमोर नागरिकांवर हल्ला होत असेल तर शांतिसैनिकांनी त्यांचं रक्षण करावं, हे स्पष्टपणे तिथं पहिल्यांदा आलं. पुढच्याच वर्षी काँगोच्या ठरावात आलं. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक मोठ्या मोहिमेच्या ठरावात ते असतं, आणि त्याला एक शेपूट जोडलेलं असतं: आपल्या क्षमतेनुसार, आपल्या तैनातीच्या हद्दीत. क्षमता कमी केली की कागदावरची जबाबदारीही आपोआप हलकी होते. आपल्या कायदेतज्ज्ञांना हे ठाऊक आहे. खेड्यातल्या माणसाला ते कुणी सांगत नाही. त्याला टेकडीवरचा निळा झेंडा दिसतो, आणि गोळीबार सुरू झाला की कुठल्या दिशेला पळायचं हे तो त्या झेंड्याकडे बघून ठरवतो.

उत्तर किवू केवढा आहे ते आमच्या वाचकांसाठी सांगतो. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर हे पाच जिल्हे एकत्र केले तर जेवढं क्षेत्र होईल त्याहून थोडा मोठा. डोंगर, जंगल, पावसाळ्यात वाहून जाणारे रस्ते आणि डझनावारी हत्यारबंद गट.

आमचा तळ एका टेकडीवर होता. जाळीच्या खोक्यांत माती भरून रचलेल्या भिंती, त्यांवर काटेरी तारेची वेटोळी, फाटकाशी पांढरी रंगवलेली बीएमपी, म्हणजे तोफ बसवलेली चिलखती गाडी. संध्याकाळी खालच्या वस्त्यांतली माणसं वर यायला लागायची. चटया, एखादं पातेलं, पाठीला बांधलेलं मूल, पाय बांधलेली कोंबडी. तारेच्या बाहेर, पण आमच्या दिव्यांच्या उजेडात, रांगेनं झोपायची आणि उजाडता उजाडता शेतावर परत जायची. त्यांना या म्हणून कुणी बोलावलं नव्हतं. जिथं टोळ्या रात्रीच्या येतात तिथं माणसं झोपायची जागा अशीच निवडतात. फाटकावरच्या पहाऱ्यात उभा राहून मी नुसत्या खोकल्यावरून आज कोण कोण आलंय ते ओळखायला लागलो होतो.

आमच्याकडे दुभाषा होता. आधी शाळामास्तर होता, आम्हीही त्याला मास्तरच म्हणायचो. स्वाहिली, फ्रेंच, किन्यारवांडा, शिवाय आमच्यात राहून शिकलेली मोडकीतोडकी हिंदी. आसपासच्या गावांच्या मुखियांकडे तळाचा मोबाइल नंबर दिलेला होता. एका रात्री फोन वाजला. मास्तर बराच वेळ नुसता ऐकत राहिला आणि मग म्हणाला, पलीकडच्या वाडीत अनोळखी माणसं घराघरांपुढं थांबत फिरताहेत. आम्ही दोन गाड्या काढल्या आणि दिवे पूर्ण लावून, इंजिन रेटत, मुद्दाम आवाज करत गेलो. कुणी दिसलं नाही. सकाळी कळलं, बकऱ्या गेल्या, माणूस एकही गेला नाही. रोजच्या अहवालात त्या रात्रीपुढं ‘विशेष काही नाही’ असंच लिहिलं गेलं, आणि ते बरोबरही होतं. अशा रात्रीची किंमत कुठल्याही तक्त्यात लावता येत नाही. म्हणून कात्री चालते तेव्हा आधी हेच जातं: दूरचा तळ, रात्रीची गस्त, दुभाषा.

दुभाषा नसला की काय होतं हे आपल्या दप्तरी आहे. २०१०च्या जुलै-ऑगस्टमध्ये उत्तर किवूतल्याच वालिकाले भागात लुवुंगी आणि आसपासच्या गावांवर टोळ्यांनी कब्जा केला. तीनशेहून अधिक जणांवर, बहुतेक बायकांवर, बलात्कार झाले. शांतिसेनेचा तळ तिथून तीसेक किलोमीटरवर होता, आणि तो भारतीय तुकडीचा होता हे लिहायला मला सुख होत नाही. गस्त त्या रस्त्यानं गेलीही. पण लोकांशी बोलायला तिच्याबरोबर कुणी नव्हतं, आणि गावात फोनला रेंज नव्हती. पुढं सप्टेंबरात आपल्याच बैठकीत शांतिमोहिमांचं काम बघणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी अतुल खरे यांनी आम्हीही कमी पडलो असं कबूल केलं. त्यानंतर दुभाषे वाढले, गावांशी संपर्क ठेवणारे स्थानिक मदतनीस नेमले, धोक्याची खबर देणारी फोनची साखळी उभी राहिली. एवढी किंमत मोजून शिकलेली गोष्ट पैशाअभावी गुंडाळायची असेल, तर तसं त्या गावांत जाऊन सांगायची हिंमतही दाखवावी.

लोक झेंड्याकडे येतात, हे आपल्याला नव्यानं कळलेलं नाही. एप्रिल १९९४मध्ये रवांडात वंशसंहार सुरू असताना राजधानी किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत, आजही तिला ईटीओ म्हणूनच ओळखतात, सुमारे दोन हजार माणसं जमली होती, कारण तिथं बेल्जियमचे शांतिसैनिक होते. ११ एप्रिलला त्या सैनिकांना परत फिरायचा हुकूम आला. ट्रक निघाले. फाटकाबाहेर मारेकरी वाटच बघत होते. दहा दिवसांनी, कत्तल ऐन भरात असताना, आपण ठराव करून त्या मोहिमेतली सैनिकसंख्या २७०वर आणलीत. सेनापती रोमिओ दालेर आणि घानाचे त्यांचे उपसेनापती हेन्री आन्यिदोहो यांनी त्याहून थोडी जास्त माणसं धरून ठेवली, आणि तेवढ्या तुटपुंज्या बळावर अमाहोरो स्टेडियममध्ये आसरा घेतलेली हजारो माणसं वाचली. पैसा आणि संख्या हेच सगळं नाही, हे मलाही मान्य आहे. पण ती तुटपुंजी तुकडी टिकली ती जागच्या माणसांच्या जिद्दीवर. आपल्या ठरावाचं त्यात काही नव्हतं.

आता जिथं माणसं होती, हत्यारं होती, हुकूमही होता, तरी हात उचलला गेला नाही त्या जागांबद्दल. २०१४मध्ये आपल्याच अंतर्गत तपासणी कार्यालयानं हिशेब मांडला. २०१० ते २०१३ या काळातल्या नागरिकांवरच्या हल्ल्यांच्या ५०७ घटना तपासल्या, तर मोहिमांनी ताबडतोब काही केल्याची नोंद १०१ घटनांत निघाली. दर पाचांत एक.

दक्षिण सुदानात मलाकलला शांतिसेनेच्या तळाला लागूनच विस्थापितांची छावणी होती. १७ आणि १८ फेब्रुवारी २०१६ला तिच्यावर हल्ला झाला. झोपड्यांच्या रांगाच्या रांगा जळाल्या, तीसच्या आसपास माणसं मेली. तळावर इथिओपिया, रवांडा आणि भारत या तिन्ही देशांचे सैनिक होते. हालचाल झाली नाही, पहाऱ्याच्या जागा सोडल्या गेल्या, लढायला नकार मिळाला, असं आपल्याच अधिकाऱ्यांनी चौकशीनंतर सांगितलं. गोळी चालवायला लेखी परवानगी मागितली गेल्याचंही बाहेर आलं.

लेखी परवानगी! पहाऱ्यावरच्या जवानाला लेखी हुकूम लागत नाही, हे रंगरूटालाही ठाऊक असतं. तरी असं का होतं, ते सांगतो, कारण न्यूयॉर्कमधल्या अहवालांत ते ‘मानसिकतेचा अभाव’ असल्या शब्दांखाली दडपलं जातं. सैनिकाच्या खिशात नियमांचं कार्ड असतं. त्यात लिहिलेलं असतं की नागरिकांच्या जिवावर बेतलं असेल तर हत्यार वापरता येतं. पण त्याच्या डोक्यात दुसराच हिशेब चालू असतो. समोरचा गणवेशातला आहे, बहुधा यजमान सरकारचाच सैनिक. मी गोळी घातली आणि तो मेला, तर उद्या चौकशीत माझ्या बाजूनं कोण उभं राहणार? मोहीम म्हणेल, शिस्तीचा प्रश्न तुमच्या देशाचा. देश म्हणेल, हुकूम मोहिमेचा. आणि गोळी घातलीच नाही तर? तर काही होत नाही. छावणी जळते, अहवाल निघतो, टर्म संपते, आपण घरी. न करण्याची किंमत शून्य आणि करण्याची किंमत नोकरी, असा सौदा ज्या व्यवस्थेनं मांडून ठेवलाय तिथं दहांतले आठ जण काय करतील ते उघड आहे. उरलेले दोघं करतात, आणि त्यांच्या हातून चूक झाली तर भरडलेही तेच जातात.

वरच्या पातळीवरही हेच. बटालियन कमांडर मोहिमेच्या सेनापतीचा हुकूम ऐकतो, आणि मग आपल्या राजधानीला फोन लावतो. राजधानी म्हणते, जरा जपून. ही छुपी अट कुठल्याही करारात लिहिलेली नसते. जुलै २०१६मध्ये दक्षिण सुदानची राजधानी जुबात लढाई पेटली तेव्हा चीन, इथिओपिया, भारत आणि नेपाळ यांच्या तुकड्या एका सूत्रात चालल्याच नाहीत, असं नेदरलँड्सचे निवृत्त जनरल पॅट्रिक कामार्ट यांच्या चौकशीत निघालं. त्या लढाईत चीनचे दोन शांतिसैनिक मेले, हेही विसरता येत नाही. पण ११ जुलैला तळापासून जेमतेम सव्वा किलोमीटरवरच्या टेरेन या निवासी आवारात सैनिक घुसले, एका स्थानिक पत्रकाराला मारलं, मदतसंस्थांमधल्या बायकांवर बलात्कार केले. मदतीसाठी फोनवर फोन गेले, आणि कुणीही निघालं नाही. मग केनियाच्या सेनापतीला काढण्यात आलं. केनियानं चिडून आपले सैनिक परत बोलावले. ज्या परिषदेनं ती मोहीम तशी उभी केली होती, तिच्यातल्या कुणाला मात्र खुर्चीही मागं सरकवावी लागली नाही.

याच दक्षिण सुदानात दुसरीही बाजू आहे. डिसेंबर २०१३मध्ये यादवी पेटली तेव्हा शांतिसेनेनं तळांची फाटकं उघडली आणि हजारो माणसं आत घेतली. पुढं हा आकडा दोन लाखांवर गेला. त्याच दिवसांत, १९ डिसेंबरला, आकोबोच्या छोट्या तळावर दोन हजारांच्या घरात हत्यारबंद तरुण चालून आले. आत आसरा घेतलेले नागरिक होते आणि मूठभर भारतीय जवान. आमचे दोघं तिथं मारले गेले. शांतिसैनिक पळपुटे असतात असं कुणी म्हटलं की मला आकोबो आठवतं. आणि शांतिसैनिकांनी सगळं व्यवस्थित केलं असं कुणी म्हटलं की मलाकल.

लोकांचा राग कुठं निघतो तेही बघा. जुलै २०२२मध्ये उत्तर किवूत शांतिसेनेविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तळ लुटले. बुटेम्बोत सीमा सुरक्षा दलाचे आपले दोन जवान मारले गेले. आंदोलकही मेले. ती बातमी ऐकून माझी पहिली प्रतिक्रिया चांगली नव्हती. ज्यांच्यासाठी गेलो त्यांनीच मारलं, असं मी चारचौघांत बोललोही. पण त्या लोकांनी नोव्हेंबर २०१२मध्ये गोमा शहर एम२३ या बंडखोर गटाच्या हाती जाताना पाहिलं होतं, शहरात शांतिसेना असताना. जानेवारी २०२५मध्ये ते पुन्हा गेलं. त्यानंतर आपण एकमतानं ठराव करून रवांडाच्या सैन्याला एम२३ची मदत थांबवा, काँगोतून बाहेर पडा असं बजावलंत. तो रवांडा आजही आपल्या मोहिमांना सगळ्यात जास्त सैनिक देणाऱ्या देशांपैकी एक आहे. हे विसंगत दिसतं, असं आपल्या बैठकीत कुणी म्हणतं का?

आणि पाय काढून घेतल्यावर काय होतं? सुदानमधलं दारफूर. तिथली मोहीम ३१ डिसेंबर २०२०ला बंद झाली. सुदान सरकारला ती नकोच होती आणि आपल्यालाही खर्च नको होता, त्यामुळे सहज जमलं. कालमा छावणीतल्या विस्थापितांनी जाऊ नका म्हणून धरणं धरलं होतं. दोन-तीन आठवड्यांतच दारफूरमधल्या एल जनीना शहरात दीडशेहून अधिक माणसं मारली गेली. २०२३मध्ये त्याच शहरात जी कत्तल झाली तिच्यातल्या मृतांचा आकडा आपल्या तज्ज्ञांनी दहा ते पंधरा हजारांच्या घरात धरला. जून २०२४मध्ये दारफूरमधल्याच एल फाशर शहराचा वेढा उठवा असा ठराव आपण केलात. तो उठवायला कुणाला पाठवलं नाही. ऑक्टोबर २०२५च्या शेवटी शहर पडलं, आणि सौदी प्रसूती रुग्णालयात साडेचारशेहून अधिक माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. म्हणजे शांतिसैनिक कमी करण्याची घोषणा आणि शांतिसैनिक नसलेल्या शहरातली ही कत्तल, दोन्ही एकाच महिन्यातल्या.

पैशांबद्दल थोडंच बोलतो, कारण त्यात गूढ काही नाही. २०२५-२६चं शांतिमोहिमांचं अंदाजपत्रक सुमारे ५.४ अब्ज डॉलरचं ठरलं. २०२४मध्ये जगानं लष्करावर सुमारे २,७०० अब्ज डॉलर खर्च केले. हजार रुपयांना दोन रुपये. त्या दोन रुपयांतला चौथा हिस्सा ज्या देशानं, म्हणजे अमेरिकेनं, द्यायचा तो थकवतो, इतरही मोठे देश हप्ता उशिरा भरतात, आणि सैनिक पाठवणाऱ्या देशांची देणी पडून राहतात. वर्गणी दोन वर्षांएवढी थकली तर आमसभेतलं मत जातं, असं आपल्या सनदेत आहे. सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकाराला त्यानं धक्काही लागत नाही. आमच्या गावच्या सोसायटीत थकबाकीदाराला निवडणुकीला उभं राहता येत नाही!

जबाबदारीचं म्हणाल तर बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाच्या आयांना विचारा. एप्रिल १९९३मध्ये आपण त्या गावाला सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलंत. सुरक्षित क्षेत्रांसाठी सेनापतींनी ३४ हजार सैनिक मागितले होते. आपण ७,६००चा स्वस्त पर्याय निवडलात. जुलै १९९५मध्ये आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. आया कोर्टात गेल्या तेव्हा नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं आणि पुढं युरोपीय मानवाधिकार न्यायालयानंही सांगितलं, संयुक्त राष्ट्रांवर दावा चालत नाही. नेदरलँड्स सरकारवर २०१९मध्ये साडेतीनशे माणसांच्या बाबतीत दहा टक्के जबाबदारी ठरली. नव्वद टक्के कुणाची, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. त्या युगोस्लाव्हिया मोहिमेचे पहिले सेनापती मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. स्रेब्रेनिका पडलं त्याच्या बऱ्याच आधी ते परतले होते. पण आमच्या पलटणींमध्ये हे नाव अभिमानानं घेतलं जातं, म्हणून ही गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही.

शांतिसैनिकांनीच केलेले लैंगिक अत्याचार हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. इथं एवढंच, की ज्याच्यापासून वाचवायचं त्याच्याच यादीत रक्षकाचं नाव येतं, तेव्हा त्याच्यावरचा खटला त्याच्या देशात गुपचूप विरून जाता कामा नये. यात आमच्याही सैनिकांवर आरोप झालेले आहेत.

आता मागण्या. नवी रचना करा, सनद बदला, असलं काही मी मागत नाही. ज्यासाठी आजच्या आज हात वर करून मत देता येईल तेवढंच मागतो.

कुठलाही तळ बंद करण्याआधी त्याच्या आसपासच्या गावांना, त्यांच्या भाषेत, पुरेशी आधी सूचना द्या. कुठं जायचं, फोन कुणाला करायचा, पुढची गस्त किती लांबून येणार, हे ठरवताना मुखिया आणि बायकांचे गट समोर बसलेले असू द्या. बंद झालेल्या तळांची यादी जाहीर करा.

दुभाषे, गावांशी संपर्क ठेवणारे मदतनीस आणि रात्रीची गस्त यांना कात्री लावू नका. कपात करायचीच असेल तर मुख्यालयापासून करा, टेकडीवरच्या तळापासून नको.

मोहिमेच्या प्रत्येक ठरावाला दोन तक्ते जोडा. एकात, या कामाला किती सैनिक लागतील असं सेनापतीनं सांगितलं आणि आपण किती दिले. दुसऱ्यात, मतदान करणाऱ्या प्रत्येक देशाची त्या दिवशीची थकबाकी. मत द्यायच्या आधी दोन्ही मोठ्यानं वाचा.

छुप्या अटींसह येणारी तुकडी स्वीकारू नका. जी अट आहे ती आधी लिहून घ्या, आणि ऐन वेळी नवी अट निघाली तर त्या देशाला लेखी विचारा.

नागरिकांवर मोठा हल्ला झाला आणि मोहीम हलली नाही, तर सहा महिन्यांत चौकशीचा संपूर्ण अहवाल जाहीर करा. खबर किती वाजता आली, हुकूम किती वाजता निघाला, कुणी नकार दिला. मेलेल्यांच्या नातेवाइकांना तो त्यांच्या भाषेत मिळाला पाहिजे. त्याच न्यायानं, नियमांत राहून नागरिकांसाठी गोळी चालवणाऱ्या सैनिकाच्या पाठीशी मोहीम उभी राहील, असं लेखी द्या. हे दुसरं नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही.

शेवटची मागणी दिल्लीकडे. भारतानं आजवर पन्नासहून अधिक मोहिमांत जवळपास तीन लाख सैनिक पाठवले, १८०च्या आसपास गमावले. लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्यासारखे अधिकारी दक्षिण सुदानमधल्या संपूर्ण शांतिसेनेचे सेनापती होऊन आले. सैन्य देणाऱ्यांना विचारल्याशिवाय ठराव करू नका, असं आपलं सरकार सुरक्षा परिषदेला वर्षानुवर्षं सांगतं, आणि ते रास्तच आहे. मग २०१५ची किगाली तत्त्वं भारतानं जाहीरपणे स्वीकारावीत. नागरिकांच्या रक्षणासाठी हत्यार वापरायची तयारी, राजधानीला विचारत न बसता तुकडीप्रमुखाला निर्णयाचा अधिकार आणि कसूर झाली तर कारवाई, एवढंच तर त्यांत आहे. मलाकल, जुबा आणि लुवुंगीत आपल्या तुकड्यांचं काय चुकलं आणि काय नाही, हे संसदेत सांगावं. जे शौर्यपदकं संसदेत अभिमानानं सांगतात, त्यांना हेही सांगता यायला हवं.

पत्राची इंग्रजी प्रत न्यूयॉर्कला आणि दोन्ही मंत्रालयांना रजिस्टर टपालानं जात आहे. उत्तर आलं तर तेही असंच जाहीर करीन.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
जिल्हा सातारा